खाली बसलेलं औषध

आमच्या मजल्यावरच्या कालिंदी आजगावकरला बाहेरची माणसं नर्स समजायची. इस्पितळात कामाला जाणारी बाई म्हणजे नर्स, एवढंच लोकांना ठाऊक. ती नर्स नव्हती. परळच्या एका धर्मादाय मुलांच्या इस्पितळात औषधांच्या खिडकीमागे छोटी खोली आहे, त्या खोलीत ती गोळ्यांची पातळ औषधं करायची. सत्तावीस वर्षं केली.

मी रोज तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की वहीत चार ओळी लिहिते. कोण आलं, कोण गेलं, काय शिजलं, कुठला अध्याय वाचून झाला. कालिंदीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायचं ठरवलंय, कारण गेल्या वर्षी जे झालं ते आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत दोन प्रकारे सांगतात. काही म्हणतात कालिंदीच्या औषधाने पोर गेलं. काही म्हणतात तिने स्वतःची नोकरी वाचवायला म्हातारीवर घातलं. दोन्ही खोटं आहे.

तिचं काम मला कळलं ते माझ्याच ओट्यापाशी. मी विचारलं होतं, "गोळी कुटायची आणि पाण्यात घालायची, त्यात एवढं शिकायचं काय असतं गं?"

ती हसली. तिने दोन वाट्यांत पाणी घेतलं. एकीत मीठ टाकलं, दुसरीत हळद. दोन्ही ढवळल्या. "आता तुमचं आमटीला फोडणी देऊन होऊ दे, मग बघा."

फोडणी झाल्यावर पाहिलं तर मिठाचं पाणी होतं तसंच, आणि हळद वाटीच्या तळाला.

"मीठ पाण्यात जातं ते पाणीच होऊन जातं. वरचा चमचा घ्या, खालचा घ्या, सारखाच. बऱ्याच गोळ्या हळदीसारख्या असतात, ताई. विरघळत नाहीत, नुसत्या तरंगतात आणि मग बसतात. चार किलोच्या बाळाला मोठ्या माणसाच्या गोळीचा सोळावा भाग द्यायचा तर कसा देणार? सुरीने कापून? म्हणून त्या पातळ करायच्या. आणि प्रत्येक थेंबात सारखं औषध राहील असं बघायचं. एवढंच माझं काम."

एवढंच म्हणायची, पण ते काम ती सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखं करायची. गोळ्या दोनदा मोजायच्या, एकदा काढताना आणि एकदा खलात टाकताना. चिनीमातीच्या खलात पावडर होईपर्यंत घोटायच्या, चिमटीत खरखर लागता कामा नये. मग थोडंसं ग्लिसरीन घालून लेप करायचा. एकदम पाणी ओतलं की गुठळ्या होतात, त्या पुन्हा मोडत नाहीत. औषध जरा तरंगत राहावं म्हणून आदल्या दिवशी फुगत ठेवलेला डिंकासारखा घोळ आणि साखरेचा पाक त्यात हळूहळू सोडायचा, मापाच्या नळीत खुणेपर्यंत आणायचं आणि तपकिरी बाटलीत भरायचं. तान्ह्या बाळाच्या ड्रॉपरमधून सुटावं म्हणून ती घोळ पातळच ठेवायची. त्यामुळे औषध लवकर खाली बसायचं. ते तिला माहीत होतं, आणि म्हणून खिडकीवर ती कुणालाही नुसती बाटली देत नसे.

एकदा मी नातवाला दाखवायला तिथे गेले होते. खिडकीपाशी एक बाप उभा होता. कालिंदी आतून विचारत होती, "घरी औषध कोण देतं?"

"मीच देतो, मॅडम."

"मग हलवून दाखवा."

त्याने जोरजोरात मान हलवली.

"अहो, बाटली! मान कसली हलवताय?"

रांगेतल्या बायका हसल्या, तोही हसला. पण त्याने बाटली दहा वेळा हलवून दाखवल्याशिवाय कालिंदीने त्याला सोडलं नाही. आई न्यायला आली आणि घरी काकू देते असं कळलं, तर म्हणायची, काकूला घेऊन या. बायका चिडायच्या. रे रोडवरून लेकरू काखेत घेऊन आलेल्या बाईला परत पाठवणं मलाही बरं वाटलं नव्हतं. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "ताई, चिडू देत. चिडलेल्या बाईच्या लक्षात राहतं."

आमच्या समोरच्या खोलीत जाईबाई परब राहतात. त्यांचे यजमान लवूभाऊ गिरणीत होते, जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. मुलगा राहुल, सून रुपाली. गेल्या वर्षी रुपालीला मुलगी झाली, मनवा. चौथ्या दिवसापासून पोरीला फिट्स. कालिंदीच्याच इस्पितळात निदान झालं आणि गोळी ठरली. त्या गोळीचं तयार पातळ औषध बाजारात मिळत नव्हतं. कालिंदीने ते केलं. पहिली बाटली रुपालीने खिडकीवरून घेतली, हलवून दाखवली, सगळं रीतीप्रमाणे. महिन्याभरात फिट्स थांबल्या. पोर मान धरू लागली, हुंकारायला लागली, माझ्या पूजेच्या घंटेच्या आवाजाकडे वळून बघायला लागली.

बाटली अठ्ठावीस दिवस चालायची. दुसऱ्या महिन्यापासून कालिंदी ती स्वतःच्या पिशवीतून घरी आणायला लागली. समोरच तर राहायचं, पोरीला घेऊन रुपालीने धक्के कशाला खायचे? गॅलरीत उभ्या उभ्या द्यायची. "काय गं मनवाबाई, तुझं सरबत आणलंय," असं म्हणायची. आम्हाला सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. घरातच वैद्य आहे तुमच्या, असं मी जाईबाईंना म्हटल्याचं वहीत आहे.

सातव्या महिन्यात रुपालीची रजा संपली. ती लोअर परळच्या ऑफिसात परत जायला लागली आणि औषध जाईबाईंच्या हाती आलं. रुपालीने त्यांना माप दाखवलं, ड्रॉपरवर रेघ मारून दिली, वेळ सांगितली. नवी बाटली त्याच आठवड्यात आली. कालिंदीने ती जाईबाईंच्याच हातात दिली.

सतरा दिवसांनी, गुरुवारी दुपारी, मनवाला फिट आली ती थांबेना. घरात जाईबाई एकट्या. मी आणि त्या टॅक्सीत बसलो. पोर माझ्या मांडीवर ताठ होत होती, सैल पडत होती, पुन्हा ताठ होत होती. मी तोंडाने नामस्मरण करत होते आणि परळचा सिग्नल सुटत नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटे मनवा गेली.

मग डॉक्टरांनी सांगितलं की पोरीच्या रक्तात औषध जवळजवळ नव्हतंच. राहुल बाटली घेऊन गेला. ती तपासणीला पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आलं, बाटलीतही औषध नाही. नुसता पाक आणि पाणी.

एकेका बाळापुरत्या केलेल्या औषधाचा नमुना इस्पितळात ठेवत नाहीत. कालिंदीच्या रजिस्टरमध्ये गोळ्या वीस लिहिल्या होत्या, पण लिहिलेलं तिचंच. चौकशी समिती बसली. कालिंदीला घरी बसायला सांगितलं आणि त्या खोलीला सील लागलं.

राहुल गॅलरीत येऊन तिच्या दारासमोर ओरडला, "गोळ्या टाकायला विसरलात तुम्ही! सांगा ना, विसरलात!" कालिंदी दारात उभी राहिली. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही.

मी तिला जेवण नेऊन द्यायची. ती खाटेवर बसून डाव्या हाताच्या बोटांनी उजव्या तळहातावर काहीतरी मांडत असायची. "पाच, दहा, पंधरा, वीस. ताई, मी पाच-पाचच्या ओळी लावते. चार ओळी. त्या दिवशी फोन वाजला होता. तो दुसऱ्या ओळीनंतर वाजला की चौथ्या? मी टाकल्या. टाकल्याच. पण वीसच्या वीस नाहीत म्हणजे काय? एकही नाही? एकही नाही कशी?"

सत्तावन्न वर्षांची बाई, पुढच्या मे महिन्यात निवृत्त व्हायची. तिला पेन्शनची काळजी नव्हती. तिला आपल्या हातून झालं का ते कळायला हवं होतं. आणि दुसरं म्हणजे ती खोली. खोली बंद झाल्यापासून आयांच्या हातात गोळ्यांची पाकिटं देऊन सांगत होते की घरी चुरून पाण्यातून द्या. एक दिवस समितीपुढे जाऊन आली ती इस्पितळाच्या फाटकाबाहेर पाहिलेलं सांगत होती. एक बाई फुटपाथवर वर्तमानपत्राच्या कागदावर गोळीची पूड घेऊन नखाने तिचे वाटे करत होती. वारा आला आणि दोन वाटे एक झाले. बाईने पुन्हा नखाने रेघ ओढली.

"हृदयाची गोळी होती," कालिंदी म्हणाली. "तीन किलोचं पोर. आणि वारा."

मनवाचं सगळं होऊन महिना होत आला होता. पितृपक्ष लागायचा होता, म्हणून मी देवघराची कापडं काढून धुवायला घेतली. देवाचं गाळणं, म्हणजे नैवेद्याच्या श्रीखंडासाठी चक्का टांगते ते मलमल, कुठे दिसेना. कुणाला दिलं का बघावं म्हणून वही चाळली. मनवा जायच्या अडीच आठवडे आधीच्या मंगळवारी माझ्याच अक्षरात होतं: ‘जाईबाई मलमल घेऊन गेल्या. मनवाचं औषध गाळायला. गाळ फार बसतो म्हणाल्या. शुद्ध कापड हवं म्हणून देवाचंच दिलं.’

धुवायची कापडं तशीच बादलीत राहिली.

जाईबाई काढा करण्यात आमच्या चाळीत नावाजलेल्या. तीन पिढ्यांची पोरं त्यांच्या काढ्याने खोकल्यातून उठली. काढा उकळायचा, उतरवून झाकून ठेवायचा, चोथा तळाला बसला की वरचं निवळ अलगद ओतून घ्यायचं, फडक्यातून गाळायचं. खालचं कधी पोटात जाऊ द्यायचं नाही, आतड्याला बाधतं. औषध म्हणजे निवळ, हे त्यांच्या हातात बसलेलं. कालिंदीची बाटली त्यांनी रात्रभर देवापाशी ठेवली असणार. सकाळी वर निवळ, खाली पांढरा थर. त्यांनी वरचं काढलं, राहिलेलं चार पदरी मलमलमधून गाळलं, बाटली विसळून पुन्हा भरली. नातीच्या पोटाला बाधू नये म्हणून. आणि त्यासाठी कापड दिलं मी.

मी वही घेऊन कालिंदीकडे गेले. तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

"कापड परत दिलं का त्यांनी?"

"नाही."

"म्हणजे मी गोळ्या टाकल्या होत्या," ती म्हणाली. तिच्या तोंडावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग म्हणाली, "मी बाटली त्यांच्या हातात दिली, ताई. म्हटलं, जाईबाई, मनवाचं सरबत. आणि चहा टाकायचाय म्हणून घरात आले. खिडकीवर परकी बाई असती तर मी तिला सोडलं असतं का? घरचीच माणसं म्हणून विचारलं नाही."

मी तिचा हात धरला. "कालिंदी, हे आपल्या दोघीतच राहू दे. पोर काही परत यायची नाही. म्हातारी हे ऐकून जगायची नाही गं. समितीला काय पुरावा आहे? नऊ महिने काढ आणि मोकळी हो."

"आणि खोली?"

मी वही मिटली.

"खोली बंद राहील. त्या बाया नखाने वाटे करत राहतील. आणि जाईबाईंसारख्या अजून किती आज्या औषध गाळून देत असतील, कुणाला माहीत आहे? मी सत्तावीस वर्षांत ‘हलवा’ एवढंच सांगत आले. ‘गाळू नका’ असं एकदाही म्हटलं नाही. मला सुचलंच नाही."

तिने कागद घेतला. तीन वाक्यं लिहिली. बाटलीत औषध होतं. घरी आजीने ते निवळून आणि गाळून दिलं, त्यामुळे औषधाचा अंश निघून गेला. ही बाटली मी खिडकीचा नियम मोडून स्वतः घरी नेली आणि देणाऱ्या व्यक्तीला काहीही समजावलं नाही.

"तिसरं कशाला लिहितेस?" मी म्हटलं.

"कारण ते झालंय."

कागद द्यायच्या आधी तो जाईबाईंना वाचून दाखवायचा, असं तिने ठरवलं. त्यांच्यामागे लिहिणं तिला जमणार नव्हतं. रविवारी आम्ही दोघी समोर गेलो. राहुल दारातून सरकला नाही. आतून जाईबाईच म्हणाल्या, "येव् दी रे तिका."

रुपाली पलंगावर बसली होती. पाळण्याचा हूक अजून तुळईला होता.

कालिंदीने आधी विचारलं, "जाईबाई, औषध गाळलं होतं का?"

"होय तर. गाळूनच देय. तळाक केवढो गाळ! पोटात जायत म्हणान फडक्यान गाळलंय." त्या सरळ बोलल्या. लपवण्यासारखं काही आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. "फडक्याक लागलेला तुळशीत टाकलंय, पायाखाली नको म्हणान."

कालिंदीने कागद वाचला. तिन्ही वाक्यं. आवाज एकसारखा ठेवून वाचला.

"म्हणजे," जाईबाई म्हणाल्या, "तळाक होता ता औषध?"

"हो."

"आणि वर काय होता?"

"साखरेचं पाणी, जाईबाई."

राहुल पुढे आला. "झालं समाधान? आता म्हातारीला फासावर द्या! स्वतःची कातडी वाचली ना तुमची?"

"राहुल, तिसरं वाक्य ऐकलंस का तू?" मी म्हटलं.

रुपाली पहिल्यांदाच बोलली. कुणाकडेही न बघता. "मला माहीत होतं हलवायचं ते. मी रोज हलवायचे. माझा हात आपोआप हलवायचा, म्हणून आईंना सांगायचं डोक्यात आलंच नाही. माप सांगितलं. वेळ सांगितली." मग ती उठली आणि मोरीत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि तो खूप वेळ चालू होता.

जाईबाईंनी हात पुढे केला. "कागद दी."

त्यांना मराठी वाचता येतं, बोट ठेवून. दुसऱ्या वाक्यावर त्यांचं बोट थांबलं. "हय ‘आजी’ लिवलंस."

"हो."

"आज्ये सगळ्यांक असतत. माझा नाव लिव. जाईबाई लवू परब. मीयाच केलंय ता, माझ्या हातान."

कालिंदीने पेन काढलं. त्यांनी सांगितलं तसं तिने लिहिलं. जाईबाईंनी ते बोट ठेवून वाचून पाहिलं, कागद परत दिला आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

समितीने कागद घेतला. समितीतल्या मोठ्या डॉक्टरीणबाई कालिंदीला म्हणाल्या की पहिली दोन वाक्यं पुरेशी आहेत, तिसरं काढून टाका, प्रकरण मिटेल. कालिंदी नाही म्हणाली. तुळशीच्या कुंडीतली माती तपासायला नेली होती, तीत औषध सापडलं. खोलीचं सील निघालं. तिसऱ्या वाक्यासाठी कालिंदीला त्या खोलीतून काढलं आणि तळमजल्यावरच्या भांडारात बसवलं. तिथे ती कापसाची बंडलं आणि सलाइनची खोकी मोजते. तिच्या जागी श्रेया नावाची मुलगी आली. खिडकीवर आता मोठ्या अक्षरांत पाटी आहे, गाळू नये, निवळू नये. त्याखाली हळदीच्या पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्यात, एक हलवलेली, एक बसलेली. ते कालिंदीनेच करायला लावलं.

रुपाली वरळीला बीडीडी चाळीत आईकडे गेली ती अजून आलेली नाही. राहुल शनिवारी जातो आणि रविवारी एकटाच परत येतो. या संक्रांतीला मजल्यावर माझ्याखेरीज कुणीही कालिंदीला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. ती विधवा नाही, तिचं लग्न झालेलं नाही, पूर्वी सगळ्या बोलवायच्या. मी बोलावलं, तेव्हा तिला माझ्याकडे बसलेली बघून मजल्यावरच्या दोघींनी वाण घेतलं आणि न बसताच गेल्या. मलमलची गोष्ट मी त्या दोघींना सांगितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला स्वतःवर ओढून घेता?" माझ्या देवालाही मी ते सांगितलंय. पोथीला बसते, पण मन लागत नाही.

जाईबाई जगल्या. मी म्हटलं होतं तसं झालं नाही. त्या फार कुणाशी बोलत नाहीत, काढा करत नाहीत, कुणी मागायला आलं तर दार लावून घेतात. फक्त संध्याकाळी कालिंदी जिना चढून आली की आपल्या दारात येऊन उभ्या राहतात.

"आज किती झाल्यो बाटल्यो?"

कालिंदी आता त्या खोलीत नाही, हे त्यांना सांगून झालंय. तरी विचारतात. म्हणून निघायच्या आधी कालिंदी वर जाऊन श्रेयाला विचारून येते. "चौदा," असं सांगते. नाहीतर "अकरा." जाईबाई ऐकतात आणि आत जातात. परवा विचारायचं राहून गेलं होतं. कालिंदी तसं म्हणाली. जाईबाई दारातच उभ्या राहिल्या. कालिंदीने पिशवी खाली ठेवली, श्रेयाला फोन लावला, आणि ती उचलेपर्यंत दोघी समोरासमोर तशाच उभ्या होत्या.